रिसालदार बदलूसिंग

आम्ही लहानपणी बैलगाडीतून हिंगोलीला जायचो तेव्हा ‘रिसाला बाजार’ हे नाव हमखास कानावर यायचं. मला वाटायचं, रिसाला म्हणजे मसाल्याचाच कुणी भाऊबंद असणार. आजोबांना विचारलं तर हसले. म्हणाले, “येड्या, रिसाला म्हंजी घोडदळ. फौज निजामाची व्हती, पण हुकूम गोऱ्या सायबाचा.”

आजोबांचं बरोबर होतं. ती हैदराबाद कंटिन्जंट. तिच्या खर्चापायी इंग्रजांनी 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड लावून घेतला. हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद, म्हणजे आपलं अंबाजोगाई, इथं तिच्या छावण्या होत्या. 1903 मध्ये ही फौज हिंदुस्थानी लष्करात मिसळली, आणि तिच्या एका रिसाल्याचं नाव झालं 29वे लान्सर्स, डेक्कन हॉर्स. नाव दख्खनचं, पण त्याच्या इतिहासातला मोठा माणूस मात्र दख्खनचा नव्हता.

तो बदलूसिंग. जन्म 1876 चा, रोहतककडच्या ढाकला गावचा जाट. आता ते गाव हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यात येतं. मूळ नोकरी 14व्या मरेज जाट लान्सर्समध्ये. महायुद्धात माणसं कमी पडली तशी इकडची तिकडं धाडली, त्यात तो 29व्यात आला.

त्या काळची भरतीची रीत आपल्याला परकी वाटायची नाही. स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार, दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो तो बारगीर, हे आपण मराठेशाहीपासून ऐकत आलो. इंग्रजांनी शब्दही उचलला अन् पद्धतही. भरती होणारा पोरगा ‘असामी’ म्हणून रक्कम भरायचा, त्यातून घोडा अन् साजसामान. म्हणजे हे काम भुकेकंगालाचं नव्हतंच. घरी थोडीफार जमीन, जनावरं असतील त्याचंच पोर रिसाल्यात जायचं. घोडा मेला तर जीव का तुटत असेल, हे ज्याच्या दावणीचा बैल ऐन पेरणीत गेला त्याला सांगावं लागत नाही.

बदलूसिंग चढत चढत रिसालदार झाला. देशी अधिकाऱ्यांत हा मोठा हुद्दा. तरी कालपरवा विलायतेहून आलेला, मिसरूड फुटलेला गोरा लेफ्टनंट त्याच्या वरच! आणि व्हिक्टोरिया क्रॉस तर 1911 पर्यंत आपल्या माणसाला मिळतच नव्हता.

फ्रान्समधली वर्षं खंदकांच्या लढाईची; तिथं घोडदळाला फारसा वावच नव्हता. 1918 मध्ये रिसाला पॅलेस्टाइनला आला. सप्टेंबरात तुर्कांची फळी फुटली, आणि पळती फौज जॉर्डन नदी उतरून जायला बघत होती. 23 सप्टेंबरला सकाळी, नदीच्या पश्चिम काठावर, समारिये गावाजवळ 29व्याच्या एका स्क्वाड्रनने हल्ला चढवला. डाव्या हाताच्या एका टेकाडावरून मशीनगनचा मारा सुरू होता. तिथं तोफखान्यासारख्या बसवलेल्या मशीनगनी आणि दोनशे पायदळ. सवार पडायला लागले.

बदलूसिंगाने हुकमाची वाट पाहिली नाही. सहा जण गोळा केले अन् घोड्याला टाच मारली. सातजण, समोर दोनशे! चाळिशी ओलांडलेला माणूस चढावर घोडा फेकत वर गेला. अगदी माथ्यावर, एक मशीनगन एकट्याने ताब्यात घेताना त्याला प्राणघातक जखम झाली. पण त्याचा प्राण जायच्या आत टेकाडावरच्या साऱ्यांनी हत्यारं खाली ठेवली होती. तुर्कांशी त्याचं ना वैर, ना बांधाचं भांडण. पण खाली आपली माणसं मरत होती, तेवढंच त्याला दिसलं असावं, असं मला वाटतं.

त्याच दिवशी जोधपूरच्या लान्सर्सनी हैफा घेतलं. ती लढाई गाजली. बदलूसिंगाचं टेकाड मागेच राहिलं. नोव्हेंबरात व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला; सोबतच्या सहा जणांची नावं मात्र त्या मजकुरात नाहीत.

त्याला तिथंच अग्नी दिला. नाव कोरलं गेलं सुएझ कालव्याच्या तोंडाशी, पोर्ट तौफिकच्या स्मारकावर. पुढं 1967 नंतरच्या इस्रायल-इजिप्तच्या लढायांत ते स्मारकही उद्ध्वस्त झालं. 1980 मध्ये कैरोतल्या हेलिओपोलिसच्या युद्ध कबरस्तानात नवं उभारलं, तिथं जवळजवळ 4,000 नावांत आता त्याचंही नाव आहे.