महाराष्ट्रातील अंतिम वर्ष परीक्षा वाद, २०२०

महाराष्ट्रातील अंतिम वर्ष परीक्षा वाद हा कोविड-१९ महामारीच्या काळात, मे ते ऑक्टोबर २०२० दरम्यान, पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाहीत यावरून निर्माण झालेला वाद होता. महाराष्ट्र शासन, विद्यापीठ अनुदान आयोग, राज्यपाल तथा कुलपती, विद्यापीठांची प्राधिकरणे आणि विद्यार्थी हे या वादातील प्रमुख पक्ष होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी प्रणीत के. विरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोग या प्रकरणात निकाल देऊन तो निकाली काढला. साथीच्या परिस्थितीत परीक्षा पुढे ढकलण्याचा अधिकार राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला आहे, परंतु परीक्षेविना पदवी देण्याचा नाही, हे या निकालाचे सार होय.

पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये साथीच्या प्रतिबंधासाठी राज्यातील महाविद्यालये बंद करण्यात आली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. बहुतेक विद्यापीठांच्या उन्हाळी सत्राच्या लेखी परीक्षा तेव्हा व्हायच्या होत्या. वसतिगृहांतील विद्यार्थी गावी परतले आणि अनेक महाविद्यालयांच्या इमारती विलगीकरण केंद्रांसाठी वापरल्या जाऊ लागल्या.

परीक्षा व शैक्षणिक वेळापत्रक यांचा विचार करण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रा. आर. सी. कुहाड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीच्या अहवालाच्या आधारे आयोगाने २९ एप्रिल २०२० रोजी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार अंतिम सत्राच्या परीक्षा जुलैमध्ये घ्यायच्या होत्या आणि परीक्षेचा कालावधी तीन तासांवरून दोन तासांवर आणण्याची मुभा होती.

विद्यापीठीय रचना व अधिकार

राज्यातील अकृषी विद्यापीठांचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार चालतो. हा अधिनियम १ मार्च २०१७ पासून अंमलात आला. राज्यपाल हे या विद्यापीठांचे पदसिद्ध कुलपती असतात. अभ्यासक्रम, अध्यापन आणि शैक्षणिक दर्जा यांविषयीचे निर्णय विद्या परिषद घेते, प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम संबंधित अभ्यास मंडळ ठरवते, तर परीक्षा व मूल्यमापन मंडळ परीक्षांचे आयोजन, परीक्षकांच्या नेमणुका आणि निकाल यांची जबाबदारी सांभाळते. या मंडळांवर अधिष्ठाते, प्राचार्य व प्राध्यापक असतात. तातडीच्या प्रसंगी कुलगुरूंना स्वतःच्या अधिकारात कार्यवाही करता येते, मात्र तिचा अहवाल संबंधित प्राधिकरणापुढे ठेवावा लागतो.

भारतीय राज्यघटनेनुसार शिक्षण हा समवर्ती सूचीतील विषय आहे. उच्च शिक्षणातील दर्जाचा समन्वय व निश्चिती हा विषय मात्र संघसूचीत, ६६ व्या नोंदीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम १२ नुसार अध्यापन, परीक्षा व संशोधन यांचा दर्जा राखणे हे आयोगाचे कर्तव्य आहे. साथीच्या काळात यात आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ ची भर पडली. या अधिनियमाखालील राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. त्यामुळे एकाच परीक्षेसंबंधी विद्यापीठ, आयोग, कुलपती आणि आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण अशा चार ठिकाणी अधिकाराचा दावा होऊ शकत होता.

श्रेणी देण्याची सूत्रे

अंतिम वर्ष वगळता अन्य सत्रांतील विद्यार्थ्यांसाठी आयोगाने एप्रिलमध्येच पर्याय सुचवला होता. परिस्थिती पूर्ववत न झाल्यास निम्मे गुण चालू सत्राच्या अंतर्गत मूल्यमापनावरून आणि निम्मे मागील सत्रातील कामगिरीवरून द्यावेत, असे हे सूत्र होते. मागील सत्राचे गुण उपलब्ध नसल्यास संपूर्ण मूल्यमापन अंतर्गत गुणांवर करायचे होते. अनुत्तीर्ण विषय असलेल्या विद्यार्थ्यांनाही पुढील वर्गात प्रवेश मिळावा आणि त्या विषयांची परीक्षा त्यांनी पुढे द्यावी, अशी तरतूद होती. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी मधल्या सत्रांसाठी हेच सूत्र स्वीकारले आणि त्यावर मोठा वाद झाला नाही.

अंतिम वर्षाचा प्रश्न निराळा होता. मधल्या सत्रातील विद्यार्थ्याला पुढील परीक्षांतून आपली सरासरी सुधारण्याची संधी असते, तर अंतिम सत्राच्या निकालावर पदवी, पदव्युत्तर प्रवेश आणि नोकरी अवलंबून असते. आधीच्या सत्रांच्या सरासरीवर अंतिम निकाल लावल्यास ज्यांचे पूर्वीचे गुण कमी होते त्यांना शेवटची संधी मिळणार नव्हती. दुसरीकडे, परीक्षा घेतल्यास संसर्ग, प्रवासाची अडचण आणि दुर्गम भागांत इंटरनेटचा अभाव यांचा धोका होता. अनुत्तीर्ण विषय शिल्लक असलेल्या, म्हणजे प्रचलित भाषेत एटीकेटी असलेल्या, विद्यार्थ्यांना कोणत्या सूत्राने पदवी द्यायची, हा प्रश्न सरासरीच्या पद्धतीत सर्वांत अवघड ठरला.

घटनाक्रम

राज्य शासनाने परीक्षांच्या नियोजनासाठी मुंबई विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू डॉ. सुहास पेडणेकर यांच्या अध्यक्षतेखाली कुलगुरूंची समिती नेमली होती. तिच्या शिफारशींनंतर ८ मे २०२० रोजी उच्च व तंत्रशिक्षण मंत्री उदय सामंत यांनी केवळ अंतिम वर्षाच्या परीक्षा जुलैमध्ये घेण्यात येतील, असे जाहीर केले. मात्र त्याच महिन्यात रुग्णसंख्या वाढत गेल्याने त्यांनी या परीक्षाही रद्द करण्यास अनुमती द्यावी, असे पत्र आयोगाला पाठवले. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी या पत्राला आक्षेप घेतला. परीक्षा न घेणे हे आयोगाच्या सूचनांचे आणि विद्यापीठ अधिनियमाचे उल्लंघन ठरेल, अशी त्यांची भूमिका होती.

३१ मे रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना आधीच्या सत्रांच्या सरासरीवर उत्तीर्ण करण्याची घोषणा केली. १८ जून रोजी राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची बैठक झाली आणि १९ जूनला शासन निर्णय निघाला. त्यानुसार अव्यावसायिक अभ्यासक्रमांच्या ज्या विद्यार्थ्यांना परीक्षा द्यायची नसेल त्यांना लेखी घेऊन सूत्रानुसार पदवी द्यायची होती, तर ज्यांना गुण सुधारायचे असतील त्यांच्यासाठी परिस्थिती पाहून परीक्षा घ्यायची होती. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी संबंधित शिखर संस्थांची संमती घेण्याचे ठरले.

६ जुलै २०२० रोजी आयोगाने सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑफलाइन, ऑनलाइन किंवा मिश्र पद्धतीने सप्टेंबरअखेर घेणे बंधनकारक करण्यात आले. कोणत्याही कारणाने परीक्षेस बसू न शकलेल्यांसाठी नंतर विशेष परीक्षा घेण्याची तरतूद होती. त्याच दिवशी केंद्रीय गृह मंत्रालयाने परीक्षा घेण्यास परवानगी दिली. १३ जुलै रोजी राज्य प्राधिकरणाने परीक्षा न घेण्याच्या आपल्या निर्णयाचा पुनरुच्चार केला.

सर्वोच्च न्यायालयातील सुनावणी

आयोगाच्या ६ जुलैच्या सूचनांना देशाच्या विविध राज्यांतील ३१ विद्यार्थ्यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. शिवसेनेची युवा संघटना असलेल्या युवा सेनेनेही स्वतंत्र याचिका दाखल केली. याउलट, राज्य शासनाच्या १९ जूनच्या निर्णयाविरुद्ध पुणे विद्यापीठाच्या अधिसभेच्या एका माजी सदस्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. न्या. अशोक भूषण, न्या. आर. सुभाष रेड्डी आणि न्या. एम. आर. शहा यांच्या खंडपीठापुढे या विषयावर सुनावणी झाली. १८ ऑगस्ट रोजी निकाल राखून ठेवण्यात आला.

परीक्षेची सक्ती हा समानतेच्या व जीविताच्या हक्कांचा भंग आहे, मधल्या सत्रांना एक न्याय व अंतिम सत्राला दुसरा न्याय लावणे अवाजवी आहे, आणि आयोगाच्या सूचना केवळ सल्ल्याच्या स्वरूपाच्या आहेत, असे मुद्दे याचिकाकर्त्यांनी मांडले. महाराष्ट्र शासनाने राज्यातील साथीची तीव्रता आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील आपले अधिकार पुढे केले. परीक्षेविना दिलेल्या पदवीचा विद्यार्थ्यांच्या भवितव्यावर परिणाम होईल, असे आयोगाचे म्हणणे होते. ८१८ विद्यापीठांकडून माहिती आली असून त्यांपैकी २०९ विद्यापीठांनी परीक्षा घेतल्या आहेत व ३९४ विद्यापीठे त्या घेण्याच्या तयारीत आहेत, असे आयोगाने न्यायालयास कळवले.

निकाल

२८ ऑगस्टच्या निकालातील प्रमुख मुद्दे पुढीलप्रमाणे होते :

१. आयोगाच्या ६ जुलैच्या सूचना त्याच्या अधिकारकक्षेत येतात व त्यांना वैधानिक आधार आहे.
२. अंतिम वर्ष आणि मधली सत्रे यांत केलेला भेद तर्कसंगत आहे. त्यामुळे समानतेच्या हक्काचा भंग होत नाही.
३. राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ३० सप्टेंबरपर्यंत परीक्षा न घेण्याचा निर्णय घेतल्यास तो आयोगाने ठरवलेल्या मुदतीपेक्षा वरचढ ठरेल.
४. पूर्वीच्या गुणांच्या आधारे विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करण्याचा अधिकार मात्र या प्राधिकरणाला नाही. त्यापुरता महाराष्ट्राचा निर्णय टिकू शकत नाही.
५. दिलेल्या मुदतीत परीक्षा घेणे शक्य नसलेल्या राज्यांनी मुदतवाढीसाठी आयोगाकडे जावे.

परीक्षा ‘केव्हा’ घ्यायची आणि परीक्षा ‘घ्यायची की नाही’ हे दोन प्रश्न न्यायालयाने अशा रीतीने वेगळे केले. पहिला प्रश्न लोकांच्या जीविताशी निगडित असल्याने तो आपत्ती यंत्रणेकडे, तर दुसरा पदवीच्या दर्जाशी निगडित असल्याने तो शैक्षणिक यंत्रणेकडे राहिला.

परीक्षांचे आयोजन

निकालानंतर परीक्षेची पद्धत ठरवण्याचे काम पुन्हा विद्यापीठांकडे आले. मे ते ऑगस्ट या काळात परीक्षेविषयीचे निर्णय मुख्यतः मंत्रालय, राजभवन, आयोग आणि न्यायालय यांच्या पातळीवर झाले होते. विद्या परिषद व परीक्षा मंडळे यांना आता प्रश्नपत्रिकेचे स्वरूप, गुणभार आणि वेळापत्रक काही आठवड्यांत ठरवायचे होते. बहुतेक विद्यापीठांनी घरबसल्या देता येईल अशा बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षेचा मार्ग निवडला. मुंबई विद्यापीठात ५० गुणांची एक तासाची परीक्षा घेण्यात आली. इंटरनेट वा साधने नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी काही विद्यापीठांनी ऑफलाइन पर्याय ठेवला.

सप्टेंबरच्या अखेरीस विद्यापीठे व महाविद्यालयांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी सातव्या वेतन आयोगासंबंधीच्या मागण्यांसाठी आंदोलन केले. त्याचा परीक्षांच्या तयारीवर परिणाम झाला. राज्यातील बहुतांश अंतिम वर्षाच्या लेखी परीक्षा ऑक्टोबर २०२० मध्ये पार पडल्या. अनेक ठिकाणी लॉगिन न होणे, प्रश्नपत्रिका न दिसणे, उत्तरे जमा न होणे अशा तक्रारी आल्या आणि काही परीक्षा पुन्हा घ्याव्या लागल्या.

महाविद्यालये पुन्हा सुरू होणे

राज्यातील महाविद्यालयांचे प्रत्यक्ष वर्ग १५ फेब्रुवारी २०२१ पासून ५० टक्के उपस्थितीच्या मर्यादेत सुरू करण्यास परवानगी देण्यात आली. त्यानंतर लवकरच आलेल्या दुसऱ्या लाटेमुळे ती पुन्हा बंद झाली. आयोगाने १६ जुलै २०२१ च्या सूचनांत अंतिम वर्षाची परीक्षा ३१ ऑगस्टपर्यंत घेणे अनिवार्य ठेवले आणि मधल्या सत्रांसाठी पूर्वीचेच सूत्र कायम ठेवले. २० ऑक्टोबर २०२१ पासून महाविद्यालये पुन्हा उघडली. लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या विद्यार्थ्यांनाच वर्गात उपस्थित राहण्याची मुभा होती. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेमुळे वर्ग काही काळ ऑनलाइन झाले आणि १ फेब्रुवारीपासून प्रत्यक्ष वर्गांना पुन्हा अनुमती मिळाली. २०२२ च्या उन्हाळी परीक्षा विद्यापीठांनी सामान्यतः ऑफलाइन पद्धतीने घेतल्या. दोन वर्षे बहुपर्यायी प्रश्नांची सवय झालेल्या विद्यार्थ्यांच्या काही गटांनी त्याला विरोध केला.

परिणाम व मूल्यमापन

या वादामुळे अंतिम वर्षाच्या लाखो विद्यार्थ्यांना सुमारे पाच महिने अनिश्चिततेत काढावे लागले. जाहीर झालेली परीक्षा रद्द होणे, नंतर ती ऐच्छिक होणे आणि अखेर अनिवार्य होणे, असे बदल त्यांनी एकाच सत्रात अनुभवले. पदव्युत्तर प्रवेश व नोकऱ्यांचे वेळापत्रकही लांबले.

श्रेणीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न निकालानंतरही पूर्णपणे सुटला नाही. परीक्षा झाली, परंतु घरी बसून, पर्यवेक्षणाच्या मर्यादित साधनांसह आणि केवळ बहुपर्यायी प्रश्नांवर झालेल्या परीक्षेतील गुणांची तुलना आधीच्या वर्षांतील वर्णनात्मक परीक्षांच्या गुणांशी करणे कठीण होते. पदवीचा दर्जा राखण्यासाठी परीक्षा आवश्यक मानली गेली असली, तरी त्या परीक्षेचे स्वरूप निश्चित करण्यास शिक्षकांच्या मंडळांना फारच थोडा वेळ मिळाला.

संस्थात्मक दृष्टीने या प्रकरणाने विद्यापीठांच्या स्वायत्ततेची मर्यादा व आवश्यकता या दोन्ही गोष्टी स्पष्ट केल्या. आपत्तीच्या काळात विद्यापीठाला शासनाच्या आरोग्यविषयक निर्णयांपासून अलग राहता येत नाही. परंतु विद्यार्थ्याने काय साध्य केले हे ठरवण्याचे काम शासकीय आदेशाने पूर्ण होत नाही. त्यासाठी मूल्यमापनाची शैक्षणिक प्रक्रिया आवश्यक ठरते, हे तत्त्व निकालातून अधोरेखित झाले.