नकाशात नसलेले गाव

उल्हासनगरमधल्या मुलाला पत्ता विचारा. 'कॅम्प नंबर चार', मग सेक्शन, मग बॅरॅकचा नंबर असे तो सांगतो. कॅम्प कुणाचा, बॅरॅक कुणाची, हा प्रश्न त्याला पडत नाही, कारण शाळेत तो कुणी विचारत नाही. तिसरीच्या 'परिसर अभ्यासा'त तो ठाणे जिल्ह्याचा नकाशा पाहतो, चौथीत शिवछत्रपतींचे चरित्र शिकतो. नकाशा आजचा, इतिहास कालचा. दोघांची गाठ पडत नाही. ती घालून देण्याचे सोपे साधन म्हणजे जुने नकाशे.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ ई/४ या एकाच पत्रकात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही गावे येतात. जुन्या पत्रकांवर एका मैलाला एक इंच असे प्रमाण होते. आज अर्ध्या किलोमीटरला एक सेंटिमीटर. दोन्हींवर घर ते स्टेशन हे अंतर मोजले की भूगोलातले 'प्रमाण' आपोआप समजते. मग मुलांना सांगावे, १९४० पूर्वीच्या नकाशावर उल्हासनगर शोधा. ते सापडणार नाही. शहाड, आशेळे, माणेरे सापडतील. खरा धडा इथे सुरू होतो.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना याच बॅरॅकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि शेजारच्या उल्हास नदीवरून गावाला नाव मिळाले. सैनिक गेले, पण त्यांचे आकडे पत्त्यात राहिले. वर्गातला सिंधी मुलगा पणजोबांचे गाव दाखवायला नकाशाच्या सीमारेषेपलीकडे बोट नेतो, तेव्हा फाळणी ही परीक्षेतली टीप उरत नाही.

आता रेल्वेची रेघ पाहावी. कल्याणहून खोपोलीकडे जाणारा मार्ग १८५६ मध्ये सुरू झाला. तो असाच का वळतो? कारण घाटाच्या पायथ्याकडे जाणारी सपाट वाट उल्हासच्या खोऱ्यानेच दिली आहे. अंबरनाथजवळच्या काकोळे येथील 'जीआयपी' तलावाच्या नावात ग्रेट इंडियन पेनिन्शुला ही जुनी रेल्वे कंपनी अजून टिकून आहे. बदलापूरची नगरपरिषद कुळगाव-बदलापूर या जोडनावाने चालते. स्टेशनच्या पूर्वेचे कुळगाव आणि पश्चिमेला नदीकडचे बदलापूर गाव जुन्या पत्रकावर वेगवेगळे पाहिले की त्या जोडनावाचा उलगडा होतो.

अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ च्या, म्हणजे इ.स. १०६० च्या शिलालेखामुळे शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळाशी जोडले जाते. ते वालधुनीच्या काठी आहे. आज तीच नदी पुढे उल्हासनगरातून जाताना लोक तिला नाला म्हणतात. नाल्याला पूर येईल असे कुणाला वाटत नाही; नदीला येणारच. २६ जुलै २००५ रोजी वालधुनी आणि उल्हास दोघींनी आपापली जागा परत मागितली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले.

म्हणून या वर्गात शेवटचे काम ट्रेसिंग पेपरचे. जुन्या पत्रकावरून नदीचे पात्र आणि ओढे गिरवावेत, तो कागद आजच्या नकाशावर ठेवावा आणि कोणती इमारत, कोणती शाळा निळ्या रेषेवर येते ते पाहावे. वाट्टेल तिथे ठेवून चालणार नाही; रेल्वेची रेघ आणि मंदिर जुळवून घ्यावे लागते. पाटबंधारे खाते पंचवीस वर्षांच्या पुरासाठी निळी आणि शंभर वर्षांच्या पुरासाठी लाल पूररेषा आखते. त्या रेषांचा अर्थ ज्या मुलाला दहाव्या वर्षी कळला, तो पुढे घर घेताना बिल्डरच्या चकचकीत नकाशावर समाधान मानणार नाही. 'इथे आधी काय होते?' एवढे तो नक्की विचारील. इतिहास-भूगोलाने मुलाला द्यायचे असते ते एवढेच.