सोलापूरच्या मागावरील पहारा

1877 साली सोलापुरात ज्या कापडगिरणीची सुरुवात झाली व जी पुढे ‘जुनी मिल’ या नावाने ओळखली गेली, तिचे मूळ नाव सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. विणकाम या शहराला त्याआधीही परके नव्हते. परंतु हातमागावर बसलेल्या विणकराला दोरा तुटल्याची वर्दी त्याचा हात, पाय आणि डोळे तत्क्षणी देत असत, ती सोय वाफेच्या बळावर चालणाऱ्या मागाला नव्हती. दोरा नसताही धोटा धावत राहावा आणि पोकळ कापड गुंडाळले जावे, हे यंत्राच्या स्वभावातच होते.

यावर 1841 च्या सुमारास ब्लॅकबर्नच्या केनवर्दी व बुलो यांनी जो उपाय प्रचारात आणला, तो आजही कौतुक करण्याजोगा वाटतो: आडवा दोरा शाबूत असेल तर तो मागाच्या कडेच्या एका बारीक काट्याला रेटतो; दोरा नसेल तर काटा जागीच राहतो, मूठ सुटते आणि माग आपोआप थांबतो. अर्थात हा पहारेकरी केवळ अभाव ओळखतो, चूक नव्हे. सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्ड या यंत्रणेच्या ज्या छिद्रित पुठ्ठ्यांवरून उतरते, त्यांतल्या एकाला एखादे छिद्र भलत्या जागी पडले, तर एकही दोरा न तुटता तीच खोट प्रत्येक नक्षीत इमानाने उमटते, आणि ती हेरण्याचे काम पुन्हा माणसाच्या नजरेकडेच येते.

खोट सापडल्यावर तिची भरपाई कोणी करायची, हा प्रश्न काट्याने सुटणारा नव्हता. बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात बांधून त्याची किंमत पगारातून वळती करण्याची चाल मुंबई इलाख्यातील गिरण्यांत होती. सूत कच्चे होते की माग जुना, याची चौकशी क्वचितच होई. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने दंडाची मर्यादा रुपयामागे अर्धा आणा ठरवली आणि नुकसानीपोटी कपात करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक केले. माझ्या मते मागावरील कोणत्याही सुधारणेइतकीच ही सुधारणा मोलाची होती.

विणकरावर एवढा पहारा असताना मालकांच्या दफ्तरावर मात्र तो नव्हता. ऑगस्ट 1949 मध्ये जुनी मिल बंद पडली. त्याचे कारण, सरकारच्या म्हणण्याप्रमाणे, कारभारातील गैरव्यवस्था हे होते, आणि जानेवारी 1950 मध्ये खास वटहुकूम काढून केंद्र सरकारने तिची सूत्रे हाती घेतली. त्या वटहुकुमाची जागा घेणाऱ्या कायद्याविरुद्ध एका भागधारकाने केलेला अर्ज त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. परंतु नव्या संचालकांनी भागांवरील उरलेल्या रकमेची मागणी करताच दुसरा भागधारक उभा राहिला, आणि डिसेंबर 1953 मध्ये त्याच न्यायालयाने, मोबदला न देता मालमत्ता हिरावून घेतली या कारणास्तव, तो वटहुकूम रद्दबातल ठरवला.