दुसऱ्या मालकाची गाडी



इतिहासाच्या व्यासपीठावरून राजे, लढाया, तह आणि सनदा यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. त्या पंक्तीत इंग्लंडमधल्या छोट्या, हलक्या, उघड्या मोटारींना आणून बसवणे काहींना थिल्लरपणाचे वाटेल. त्यातही मी बोलणार आहे तो नव्याकोऱ्या गाडीविषयी नव्हे, तर वापरलेल्या, कुणीतरी नकोशी होऊन विकलेल्या गाडीविषयी. परंतु वस्तूंचा इतिहास लिहिताना आपण एक चूक नेहमी करतो. वस्तू कोणी घडवली आणि प्रथम कोणी विकत घेतली, एवढे टिपून आपण वही मिटतो. पुढे ती कोणाच्या हाती गेली आणि त्याने तिचे काय केले, हे विचारीत नाही. हलक्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न गाळला तर हाती फारच थोडे उरते. कारण ही जात कारखान्याने जन्माला घातली खरी, पण तिला वाढवले आणि जगवले ते दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या मालकाने.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. स्पोर्ट्‌स मोटार म्हटले की श्रीमंताघरची, प्रचंड एंजिनाची, सोन्याच्या मोलाची गाडी डोळ्यांपुढे येते. ती जात वेगळी. हलकी स्पोर्ट्‌स मोटार ही मुळात गरिबाघरची लेक आहे. तिचे एंजिन, तिची गिअरपेटी, तिचे पाटे हे सारे एखाद्या साध्या कुटुंबी मोटारीतून उचललेले असते. हुशारी असते ती वजन कमी करण्यात. वजन घटले की तेच एंजिन गाडीला झटकन पुढे नेते, त्याच ब्रेकांनी ती लवकर थांबते आणि वळणावर त्याच टायरांना कमी ओढ सोसावी लागते. नुसती ताकद वाढवून यातले पहिलेच काय ते साधते.

हे नाते आपल्याही रस्त्यावर होते, फक्त आपल्याला ते ठाऊक नव्हते. २०१४ साली जिचे उत्पादन थांबले ती आपली ॲम्बॅसडर कोणाला आठवत नाही? कलेक्टरसाहेबांपासून वरातीतल्या नवरदेवापर्यंत सर्वांना वाहून नेणाऱ्या त्या गाडीत कित्येक वर्षे १४८९ घनसेंटिमीटरचे बीएमसी घराण्याचे एंजिन होते. १९५५ साली एमजी कंपनीने काढलेल्या ‘एमजीए’ या देखण्या दोन बैठकांच्या गाडीत त्याच घराण्याचे, त्याच मापाचे एंजिन होते. तसेच मद्रासला १९६१ पासून तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड. तिच्या विलायती बहिणीची चासी आखूड करून १९६२ साली ‘ट्रायम्फ स्पिटफायर’ ही स्पोर्ट्‌स गाडी निघाली. दोहोंचा आकार मिकेलोत्ती या एकाच इटालियन कारागिराने रेखाटला होता. म्हणजे नवरदेव ज्या एंजिनामागे बसून मांडवाकडे जात होता, त्याच्याच भावंडामागे बसून इंग्लंडमधला तरुण डोंगरवाटा धुंडाळीत होता!

आता मुळाकडे वळू. मुळाशी आहे एक कर. १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवर दर अश्वशक्तीला एक पौंड असा वार्षिक कर बसला. ही अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजीत नसत. सिलिंडरांची संख्या आणि त्यांचा व्यास यांवरून हिशेबाने काढीत. व्यास लहान ठेवला की कर कमी. साहजिकच इंग्रज एंजिने अरुंद आणि लांब धावेची झाली, आणि मोटारी छोट्या झाल्या. सर हर्बर्ट ऑस्टिन याने स्टॅन्ले एज या अवघ्या अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्‌समनला हाताशी धरून, आपल्या घरातल्या बिलियर्डच्या खोलीत जी गाडी आखली, ती १९२२ ची ‘ऑस्टिन सेव्हन’. नावातले सात म्हणजे कराच्या हिशेबातली अश्वशक्ती. १९३९ पर्यंत अशा पावणेतीन लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या.

१९२८ साली ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने मॉरिस मायनरची चासी घेतली, ८४७ घनसेंटिमीटरचे तिचेच एंजिन ठेवले, वर प्लायवूडवर कापड ताणून नावेसारखे निमुळते अंग चढवले आणि १७५ पौंडांना ‘एमजी मिजेट’ विकायला काढली. तेथून या जातीचा वंश रीतसर सुरू होतो. परंतु १७५ पौंड ही कारकुनाची जवळजवळ वर्षाची कमाई. खरा खेळ सुरू झाला तो या गाड्या आठदहा वर्षांच्या होऊन चौथ्या-पाचव्या हाती गेल्यावर. जुनी ऑस्टिन सेव्हन मातीमोलाने मिळे. तिचे बसके छप्पर काढून टाकायचे, मागची बैठक फेकून द्यायची, आणि त्या सांगाड्यावर पत्र्याचे नवे अंग बसवायचे. असल्या घरगुती गाड्यांना ‘स्पेशल’ म्हणत. ऑस्टिन सेव्हनच्या वेडाने झपाटलेल्या मंडळींनी १९३९ साली ‘७५० मोटर क्लब’ स्थापला.

येथे मला एका माणसाची हकीकत जरा सविस्तर सांगायची आहे. कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकामशास्त्र शिकणारा विद्यार्थी. युद्ध नुकतेच संपले होते. नव्या गाड्या परदेशी रवाना होत होत्या, कारण देशाला डॉलर हवे होते. कारखान्यांना पोलादसुद्धा निर्यातीच्या प्रमाणात मिळे. त्यामुळे देशात जुन्या गाड्यांना सोन्याचे दिवस आले होते. चॅपमनने एका मित्राबरोबर सुट्टीच्या वेळात जुन्या मोटारींची खरेदी-विक्री सुरू केली. धंदा बरा चालला. इतक्यात १९४७ च्या शरदात सरकारने खाजगी मोटारींचे पेट्रोल रेशन बंद केले. पेट्रोलच नाही तर मोटार कोण घेतो? भाव कोसळले, गाड्या तोट्यात काढाव्या लागल्या आणि शेवटी एक गाडी काही केल्या खपेना. ती होती एक जुनी ऑस्टिन सेव्हन.

दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. चॅपमनने ती गाडी आपली मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या वडिलांच्या घरामागच्या गॅरेजात नेली आणि पार उघडली. विमाने कशी बांधतात हे त्याने विद्यापीठाच्या हवाई तुकडीत पाहिले होते. प्लायवूड आणि ॲल्युमिनियमचा पत्रा एकत्र जोडून त्याने एक हलके आणि ताठ अंग उभे केले. त्या गाडीला त्याने ‘लोटस’ हे नाव दिले. ते का दिले, हे त्याने अखेरपर्यंत सांगितले नाही. १९५२ च्या पहिल्या दिवशी त्याने कंपनी काढली, तीही बापाच्या हॉटेलामागच्या जुन्या तबेल्यात. पुढे याच लोटसने जगज्जेतेपदाच्या शर्यती जिंकल्या. मोटारशर्यतींच्या ग्रंथांत त्या विजयांची पाने पुष्कळ आहेत. मला मात्र त्या न खपलेल्या गाडीचे महत्त्व अधिक वाटते. नवी गाडी परवडली असती तर चॅपमनने ती चालवली असती. जुनी पदरात पडली म्हणून ती त्याने उघडून पाहिली.

चॅपमनच्या कंपनीने या अनुभवाचाच धंदा केला. तयार मोटारीवर खरेदीकर जबर होता. सुटे भाग घेऊन गिऱ्हाइकाने घरी स्वतः गाडी जोडली तर तो लागत नसे. १९५७ ची ‘लोटस सेव्हन’ अशी खोक्यांतून घरी येई आणि बहुधा फोर्डचे साधे एंजिन घालून रस्त्यावर जाई. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला, ही सवलत संपली, आणि त्याच वर्षी सेव्हन बांधण्याचे हक्क केटरहॅम या विक्रेत्याकडे गेले. १९५८ ची ‘ऑस्टिन-हीली स्प्राइट’ तर काटकसरीचा कळस. एंजिन छोट्या ऑस्टिनचे, सुकाणू मॉरिस मायनरचे, दाराला बाहेरून मूठ नाही, सामानाच्या कप्प्याला झाकण नाही. दिवे बॉनेटमध्ये मिटण्याची योजना खर्चापायी सोडून दिली, आणि ते डोळे वटारल्यासारखे वरच राहिले. लोकांनी तिला ‘बेडूकडोळी’ म्हटले.

आता वापरलेली गाडी घेणाऱ्याच्या जागी क्षणभर बसा. त्याचा खरा वैरी एंजिन नव्हे; ते साध्या मोटारीचे, भाग सर्वत्र मिळणारे. वैरी म्हणजे गंज. विलायतेत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. जुन्या एमजीला खाली स्वतंत्र चासी होती आणि वरचे अंग ॲश लाकडाच्या चौकटीवर बसवलेले होते. लाकूड कुजले तर दारे लोंबत, पण गाडी मोडत नसे. १९६२ च्या ‘एमजीबी’ला वेगळी चासीच नाही. दाराखाली जी पत्र्याची लांबट पेटी असते, तिच्यावर गाडीचा भार. ती आतून गंजली आणि विक्रेत्याने वरून लांबी भरून रंग मारला, तर गाडी दिसायला नवरी आणि आतून वाळवी लागलेली तुळई! म्हणून जाणता खरेदीदार कापडात गुंडाळलेले लोहचुंबक खिशात ठेवी. पत्र्यावर ते चिकटते. लांबीवर चिकटत नाही. गाडी जॅकवर उचलून दार उघडून मिटून पाही. दार अडले तर गाडीची कंबर गेली असे समजावे. स्प्राइटच्या मागच्या पाट्यांचे तोंड शरीराच्या तळातच रोवलेले. तेथला पत्रा बोटाने दाबून पाहावा. तारांची चाके असतील तर गाडी मागेपुढे ढकलावी. ‘टक्’ असा आवाज आला तर आतले दाते झिजले आहेत.

मीही तरुणपणी एक जुनी मोटार घेतली होती. स्पोर्ट्‌स नव्हे, साधीच. रंग असा झळझळीत होता की शेजारी पेढे मागायला आले. पहिल्या पावसात पायाखालची चटई भिजली. ती उचलली तर खाली नगरपालिकेचा रस्ता दिसला. चुंबकाची युक्ती मला फार उशिरा कळली. असो.

सर्वांत मौजेची खूण १९६२ च्या ‘लोटस एलान’ची. तिचे अंग काचतंतूंचे; त्याला गंज नाही आणि चुंबकाचा उपयोग नाही. पण आत कण्यासारखी पोलादी चासी आहे, आणि तिची पुढची पोकळ पेटी हाच दिवे उचलणाऱ्या निर्वात यंत्रणेचा साठा. पेटीला गंजाने सुईएवढे भोक पडले की पोकळी टिकत नाही आणि सुरुवातीच्या गाड्यांत वर आलेले दिवे पेंगुळल्यासारखे मिटू लागतात. गिऱ्हाईक म्हणते, दिव्यांचे यंत्र बिघडले. जाणता म्हणतो, गाडीचा कणा कुजला.

१९६० साली ब्रिटनने दहा वर्षांवरील गाड्यांची ब्रेक, दिवे आणि सुकाणू यांची तपासणी सक्तीची केली. १९६७ पर्यंत ही अट तीन वर्षांवरील गाड्यांना लागू झाली. कायदा योग्यच होता. रस्ता हा प्रयोगशाळा नव्हे, आणि घरगुती स्पेशलांचे ब्रेक पाहिले असते तर आपणही त्याच्या बाजूने हात वर केला असता. पण त्याबरोबर स्वस्तात गाडी घेऊन ती अंगणात उघडण्याचा काळ ओसरू लागला, हेही नोंदवले पाहिजे. पुढे कारखानेही थकले. ॲबिंग्डनचा एमजी कारखाना १९८० च्या ऑक्टोबरात बंद झाला. त्याच वर्षी स्पिटफायरही थांबली.

नव्या गाड्या बंद झाल्या, म्हणजे या जातीचा इतिहास संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण पाच लाखांहून अधिक एमजीबी जगात विखुरल्या होत्या आणि त्यांच्या मालकांना त्या सोडायच्या नव्हत्या. मालकांचे क्लब होते, सुट्या भागांची दुकाने होती. १९८८ साली तर अपूर्वच घडले. एमजीबीचे पत्रे दाबण्याचे मूळ साचे शोधून काढून ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ या संस्थेने संपूर्ण नवे अंग पुन्हा बनवायला घेतले. कारखाना बंद पडून आठ वर्षे झाल्यावर गाडीचे शरीर नवे मिळू लागले. आत्मा तेवढा जुना आणायचा. याला केवळ हौस म्हणता येईल का? ज्याने गाडीचा एकेक बोल्ट स्वतः काढून बसवला आहे, त्याच्या लेखी ती बाजारभावाने मोजायची वस्तू राहत नाही.

या जुन्या मालकांचे प्रेम पाहूनच जपानला धीर आला. अमेरिकन मोटार-पत्रकार बॉब हॉल याने १९७९ साली माझ्दा कंपनीच्या केनिची यामामोतो यांना सुचवले की तशी साधी, हलकी, उघडी गाडी आता कोणी करीत नाही, ती तुम्ही करा. दहा वर्षांनी, १९८९ च्या फेब्रुवारीत, शिकागोच्या प्रदर्शनात ‘एमएक्स-५’ उभी राहिली. तिच्या अभियंत्यांनी एलान बारकाईने पाहिली होती. पण या गाडीत तेल गळत नव्हते आणि पावसात टप टिपकत नव्हता. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या झाल्या. गंमत अशी की आज तिचीही पहिली पिढी पस्तिशी ओलांडून गेली आहे, आणि तिच्याही दाराखालच्या पेटीतले पाण्याचे निचरे तुंबून मागल्या चाकापाशी गंज धरतो. तिचा खरेदीदारही आता गुडघ्यावर बसून पत्रा चाचपतो.

आणि ती न खपलेली ऑस्टिन सेव्हन, म्हणजेच पहिली लोटस? चॅपमनने ती १९५० साली विकून टाकली. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या कुणीतरी ती नेली. २०१८ मध्ये, तिला सत्तर वर्षे झाली तेव्हा, चॅपमनचा मुलगा क्लाइव्ह याने जगाला आवाहन केले: जुन्या गॅरेजात, धान्याच्या कोठारात, वाहनतळाच्या तळघरात पाहा, नोंदणी क्रमांक ओएक्स ९२९२. त्या दुसऱ्या मालकाने तिचे पुढे काय केले, हे त्याला हवे होते.