हृदयस्नायूचा दाह: नाव आधी, पुरावा नंतर

१/ जिवंत माणसाच्या हृदयाचा स्नायू सुजला आहे, हे वैद्याला कळणार कसे? धाप, छातीतली कळ, अनियमित ठोके ही लक्षणे तर अनेक विकारांत सारखीच. या प्रश्नाने वैद्यकाला दोनशे वर्षे झुलवले. त्याचा हा इतिहास.

२/ नेपोलियनचे वैद्य कोर्व्हिझार यांचा हृदयविकारांवरील ग्रंथ १८०६ साली प्रसिद्ध झाला. ते छातीवर बोटांनी ठोकून ध्वनी पारखत आणि रोगी दगावल्यावर शवविच्छेदनात आपले अनुमान पडताळत. दाहाचा पुरावा त्या काळी मृत्यूनंतरच हाती येई.

३/ १८३७ साली जर्मन वैद्य सोबर्नहाइम यांनी ‘मायोकार्डायटिस’ हा शब्द वापरात आणला. नाव मिळाले, कसोटी मात्र मिळाली नाही. पुढे थकलेल्या, जीर्ण झालेल्या कितीतरी हृदयांवर हाच शिक्का बसू लागला.

४/ १८९९ साली ड्रेस्डेनच्या फीडलर यांनी वेगळ्या रुग्णांची नोंद केली: दुसरे कोणतेही कारण नसताना हृदय झपाट्याने निकामी झालेले, आणि स्नायुतंतूंमधल्या जागेत दाह. यामागे अदृश्य संसर्ग असावा, असा त्यांचा तर्क होता. विषाणूशास्त्र तेव्हा नुकते डोळे उघडत होते.

५/ १९१२ साली शिकागोच्या हेरिक यांनी हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी झालेल्या जिवंत रुग्णाचे चित्र मांडले. त्यानंतर हळूहळू उमगले, की ‘जुनाट मायोकार्डायटिस’ म्हणून नोंदलेले पुष्कळ रोगी वस्तुतः रक्तपुरवठ्याच्या किंवा रक्तदाबाच्या विकाराचे होते. आता लंबक उलट्या टोकाला गेला. निदानच मागे पडले.

६/ १९६२ साली जपानमध्ये साकाकिबारा आणि कोन्नो यांनी शिरेतून हृदयापर्यंत नळी नेऊन, तिच्या टोकावरील चिमट्याने स्नायूचा कण काढण्याची पद्धत मांडली. मृत्यूची वाट पाहणे संपले.

७/ पण तो कण वाचायचा कसा? १९८०च्या दशकात डॅलस येथे निकष ठरले: दाहपेशी हव्यात आणि शेजारच्या स्नायुपेशींची हानीही हवी. अडचण एवढीच, की दाह ठिकठिकाणी विखुरलेला असतो; चिमटा नेमका निरोगी जागी पडू शकतो.

८/ २००९च्या ‘लेक लुईस’ निकषांनी एमआरआय चित्रांतून संपूर्ण स्नायूतील सूज आणि व्रण पाहण्याची रीत घालून दिली. २०१८ साली त्या निकषांत सुधारणा झाली.

९/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी यातून एक सावधगिरी बाळगावी. शंभर वर्षांपूर्वीच्या मृत्युनोंदीत ‘मायोकार्डायटिस’ आढळला, तर त्याचा आजचा अर्थ लावू नये. शब्द तोच राहतो. त्यामागचा पुरावा बदलत जातो. आकडे मोजण्याआधी ती नोंद कोणत्या काळातली, हे विचारावे.