जीपचा आस: जाडीपेक्षा जात महत्त्वाची

रायपूरशेजारच्या भिलाईत 4 फेब्रुवारी 1959 रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढे तेथून रूळ आणि जाड पत्रे विपुल मिळू लागली. जीपच्या मागच्या आसाचे दुखणे मात्र त्याने बरे होणारे नव्हते.

युद्धकालीन विलिस जीपमध्ये गाडीचा भार आसाभोवतीचे कवच पेलत असे. आसाने केवळ चाक फिरवायचे. युद्धोत्तर नागरी जीपमध्ये भारही आसावर आला आणि त्याच्या निमुळत्या टोकाला चावीची खाच पडली. पीळ, वाक आणि खाच, तिन्ही एकत्र! रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते, की एका झटक्याला न बधणारे पोलाद पुनःपुन्हा येणाऱ्या हलक्या ताणानेही मोडते. तडा बहुधा अशाच कोपऱ्यातून निघतो.

आसाचा व्यास 10 टक्के वाढवला, तर पीळ सोसण्याची क्षमता 33 टक्के वाढते. पण कवच आणि बेअरिंग तीच असताना जाडीला जागा कोठून आणावी? म्हणून पोलादाची जातच बदलावी लागली: निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनमयुक्त 'एन-24'. अशा मिश्रपोलादांसाठी महिंद्रांनी 1960च्या दशकात फ्रेंच सहकार्याने खोपोलीत कारखाना उभारला. या पोलादाला 'पाणी' देतात ते तेलात (शब्द जुनाच राहिला), आणि मग पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात.

एवढे करून आस टिकला, तर जोर पुढच्या कमकुवत जागी जातो. मग डिफरन्शियलचे दात तुटतात, आणि ते आसाहून महाग असतात.