अर्धवट कामाचा मोबदला

अर्धवट राहिलेल्या कामाला इंग्लंडच्या कायद्यात एके काळी कवडीचीही किंमत नव्हती. 1793 मध्ये जमैकाहून लिव्हरपूलला निघालेल्या जहाजावर कटर नावाच्या दर्यावर्दीने 30 गिनींच्या बोलीवर काम धरले आणि बंदर गाठण्याआधीच तो वारला. सफर पुरी झाली नाही, म्हणून 1795 मध्ये न्यायालयाने त्याच्या विधवेला रिकाम्या हाती परत पाठवले. निकाल कराराच्या शब्दाला धरून होता, माणुसकीला सोडून.

लेखक प्लांशेचा 1831 चा खटला याच्या उलट गेला. बालवाचकांच्या मालिकेसाठी पोशाख आणि जुन्या चिलखतांवरचे पुस्तक त्याने 100 पौंडांना लिहायला घेतले होते. मजकुराचा काही भाग तयार असतानाच प्रकाशकांनी मालिका गुंडाळली. हस्तलिखित हाती पडले नाही, ही सबब टिकली नाही. लेखकाला 50 पौंड मिळाले. आजच्या कंत्राटी सल्लागाराला हे दुखणे अगदी ओळखीचे वाटेल.

भारतात 1872 च्या करार कायद्याने करारभंगाची भरपाई मान्य केली, पण वसुलीसाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढणे आलेच. 1993 चा उशिराच्या देण्यावरील व्याजाचा कायदा लघुउद्योगांपुरता होता. 2006 च्या कायद्याने मात्र सूक्ष्म व लघू सेवा उद्योगांनाही कवेत घेतले: लेखी करार असला तरी 45 दिवसांची कमाल मुदत, नसेल तर 15 दिवस आणि थकबाकीवर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. नोंदणीकृत सल्लागारालाही तो लागू पडतो.